तेरा खासदार आणि आपले देशमुख

"तेरा! अगं, तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते ना, तर गिरी पडले असते," असं म्हणत काकूंनी वालाचं साल टिचकीनं उडवलं. ते मेंदीच्या कुंपणावरून थेट आमच्या अंगणात.

बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला काकू कुंपणाशी बसल्या, की निम्म्या रोह्याची खबर मला घरबसल्या मिळते. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा जमिनीचा दावा निकालात निघाला. आज मात्र गाडी एकदम दिल्लीला, आणि तीही 1969 सालच्या.

"हे आज कुठून काढलंत, काकू?"

"कुठून म्हणजे? आपल्या रोह्याच्या माणसाचं प्रकरण आहे ते. चिंतामणराव देशमुख राष्ट्रपतिपदाला उभे होते, ठाऊक आहे का?"

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून चिंतामणरावांचं नाव इथल्या शाळेतली पोरंही सांगतात. हे मात्र कुणी सांगत नाही.

"मग ऐक." काकूंनी ताट पुढ्यात ओढलं. "मे महिन्यात झाकीर हुसेन गेले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. सहा महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडायचा. झाली भाऊबंदकी सुरू! निजलिंगप्पा, कामराज, मोरारजी, आपल्या मुंबईचे स. का. पाटील, काँग्रेसच्या या जुन्या खोडांना हवे होते लोकसभेचे सभापती संजीव रेड्डी. इंदिराबाईंना ते डोळ्यांसमोर नकोत. बंगलोरला बैठक बसली. बाईंनी जगजीवनरामांचं नाव पुढे केलं. आणि तिथं रेड्डींच्या बाजूनं मत कुणी टाकावं?"

"कुणी?"

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. जणू माणूस मागच्या आळीतच राहतो. "आपल्या यशवंतरावांनी!"

"काय सांगता? चव्हाणांनी?"

"तर! बाईंनी ते मनात ठेवलंच असणार. पण बोलल्या नाहीत. दिल्लीत परतल्या, मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं, आणि तीन दिवसांत चौदा बँका सरकारी."

आतून काकांचा आवाज आला. "19 जुलै!" काकांची सगळी नोकरी त्या चौदांपैकी एका बँकेत गेली. त्यामुळे ही तारीख त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की आठवते, असं काकूंचं म्हणणं.

"त्या वटहुकमावर सही कुणाची? गिरींची. सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा. का? तर स्वतःच अपक्ष उभं राहायचं होतं."

"म्हणजे राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही? मग कारभार कुणाकडे?"

"सरन्यायाधीशांकडे. मे महिन्यातच तसा कायदा करून ठेवला होता. हिदायतुल्ला. नागपूरच्या हायकोर्टातून वर गेलेला माणूस. पस्तीस दिवस राष्ट्रपती झाले आणि परत कोर्टात जाऊन बसले. तेवढ्यात तो अमेरिकेचा निक्सन येऊन पाहुणचार घेऊन गेला, तोही यांच्याच हातचा."

"आमच्या बँकेच्या कायद्यावर सही हिदायतुल्लांची," काका चष्मा पुसत बाहेर आले. "फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं तो कायदा उडवला. चार दिवसांत नवा वटहुकूम आला, त्यावर सही पुन्हा गिरींची. तिथं रेड्डी बसले असते तर?"

"थांबा हो, अजून मतदान व्हायचंय," काकूंनी त्यांना गप्प केलं. "रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही खुद्द इंदिराबाईंची होती, बरं का. आणि नंतर त्यांनीच सांगितलं, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. म्हणजे काय ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं! निमित्तही मिळालं होतं. निजलिंगप्पा जनसंघाच्या आणि स्वतंत्र पक्षाच्या दारात जाऊन आले होते, तुमची दुसरी पसंती आमच्या रेड्डींना द्या म्हणून. आणि त्या दोन पक्षांचा उमेदवार कोण? आपले चिंतामणराव!"

आता माझ्याही हातातली परडी खाली आली. काकांनी खिशातून विजेचं बिल काढलं, उलटं केलं आणि पेन्सिलीनं आकडे मांडायला लागले. बँकेतला माणूस, आकडा तोंडी सांगणं त्यांना पटत नाही.

"हे बघ. उमेदवार पंधरा, पण खरे तीनच. पहिल्या पसंतीची मतं: गिरी 4,01,515. रेड्डी 3,13,548. देशमुख 1,12,769. कोटा 4,18,169. कुणालाच गाठता आला नाही. मग खालचे उमेदवार बाद करत त्यांच्या दुसऱ्या पसंतीची मतं वर ढकलायची. शेवटी देशमुखांची फोडली. रेड्डी गेले 4,05,427 वर. म्हणजे ब्याण्णव हजारांच्या आसपास भर पडली. गिरींना सगळी मिळून साडेअठरा हजार. पण तेवढ्यात ते 4,20,077 ला पोचले."

"फरक किती?"

"14,650. आणि तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य होतं 576. तेरा खासदारांनी गिरींऐवजी रेड्डींना मत दिलं असतं, तर रेड्डी 326 मतांनी पुढे."

"बघ!" काकू जिंकल्या. "मी म्हटलं नव्हतं तेरा?"

ठीक, तेरा जण फिरले, असं धरून चाललो. मग काय झालं असतं? इथून गप्पा खऱ्या रंगात आल्या, कारण जर-तरला कुणी पुरावा मागत नाही.

काकूंचा पक्ष सरळ होता. पंतप्रधानांचा माणूस पडला, म्हणजे पंतप्रधान उघड्या पडल्या. जुन्या मंडळींनी आठवड्याभरात त्यांना हलवलं असतं. आणि नवा नेता कोण? मोरारजींवर तरुण खासदार नाराज. बंगलोरला योग्य बाजूला मत देऊन बसलेला एकच धिप्पाड माणूस उरतो. "दिल्लीत मराठी पंतप्रधान, अगं! कराडला केवढी मिरवणूक निघाली असती!"

काकांचा मुद्दा वेगळा. त्यांनी गिरींच्या सह्यांची यादीच म्हणून दाखवली. बँकांचा दुसरा वटहुकूम झालाच. 1970 च्या सप्टेंबरात संस्थानिकांचे तनखे बंद करायचं विधेयक राज्यसभेत थोडक्यात पडलं, तर राष्ट्रपतींच्या हुकमानं संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. कोर्टानं तेही रद्द केलं. डिसेंबरात मुदतीआधी लोकसभा बरखास्त केली. "प्रत्येक वेळी गिरींनी मान डोलावली. रेड्डींनी डोलावली असती?"

"आणि आणीबाणी?" मी म्हटलं. "तीही टळली असती म्हणाल!"

"ते नाही हं," काकांनी प्रामाणिकपणे पेन्सिल खाली ठेवली. "1969 चा राष्ट्रपती 1974 ला निवृत्त. आणीबाणी 75 ची. ती सही फक्रुद्दीन अलींची होती. रेड्डी आले असते तर त्यांच्यामागून कोण आलं असतं, ते ब्रह्मदेवाला विचार."

मला मात्र एक गोष्ट राहून राहून खटकत होती. रेड्डी राष्ट्रपती झालेच नाहीत असं नव्हे. 1977 मध्ये झाले, आणि तेही बिनविरोध. मग त्यांनी काय केलं, हे तर आपल्याला दिसलंच आहे. उगाच कल्पना कशाला करायची?

तसं बोलून दाखवल्यावर काकूंचे हात वालावरून थांबले.

1979 च्या जुलैत मोरारजींचं सरकार कोसळलं. अविश्वासाचा ठराव आणणारे विरोधी पक्षनेते यशवंतरावच. रेड्डींनी सरकार बनवायला पहिलं बोलावणं कुणाला धाडलं? यशवंतरावांना! चार दिवस जुळवाजुळव झाली, आकडा जमला नाही. मग चरणसिंगांना शपथ दिली, यशवंतराव त्यांचे उपपंतप्रधान झाले. तीन आठवड्यांत इंदिराबाईंनी पाठिंबा काढला. चरणसिंगांनी लोकसभेला तोंडच दाखवलं नाही. जगजीवनराम म्हणत होते, बहुमत माझ्याकडे आहे, मला बोलवा. बंगलोरला रेड्डींच्या विरोधात ज्यांचं नाव निघालं होतं, तेच हे जगजीवनराम. रेड्डींनी त्यांना बोलावलं नाही. लोकसभाच बरखास्त केली.

"म्हणजे लोकसभा मोडायचा सल्ला आला की रेड्डीही सही करत होते," मी म्हटलं. "आणि तीही एकदासुद्धा बहुमत न दाखवलेल्या पंतप्रधानांच्या सल्ल्यावर. मग 70 साली त्यांनी इंदिराबाईंना अडवलं असतं, हे कशावरून?"

"अडवलं नसतं कदाचित," काका म्हणाले, "पण 'आधी बहुमत दाखवा' असं तरी म्हटलं असतं. नोव्हेंबर 69 ला काँग्रेस फुटली, बाईंचं स्वतःचं बहुमत गेलं. कम्युनिस्ट आणि द्रमुक यांच्या खांद्यावर सरकार चाललं होतं. पुढच्या निवडणुकीत 352 जागा आल्या, मग त्या खुर्चीत कुणीही बसलं असतं तरी फरक पडला नसता. तुमचं सगळं जर-तर त्या मधल्या वर्षभरापुरतं."

काकांनी विषय संपवलाच होता म्हणायचा. राष्ट्रपतींचं पेन एरवी पंतप्रधानांच्या शाईवर चालतं. सभागृहात आकडा डळमळला, की तेवढे दिवस कुणाला आधी बोलवायचं हे ते पेन ठरवतं. यशवंतरावांना तसं बोलावणं आलं, फक्त दहा वर्षं उशिरा. आणि आलं तेव्हाही आकडा जमला नाहीच.

काकूंना हे फारसं रुचलं नाही. मराठी पंतप्रधानाची मिरवणूक अशी मधेच विरघळलेली कुणाला आवडेल? त्यांनी शेवटचं हुकमाचं पान टाकलं. "ते जाऊ दे. गिरी नको, रेड्डी नको. चिंतामणरावच आले असते तर?"

काका हसले. "अगं, मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून नेहरूंच्या तोंडावर अर्थमंत्रिपद सोडून आलेला माणूस तो. पटत नसलेल्या कागदावर सही करणारा नव्हे. पहिला न पटणारा वटहुकूम समोर आला की राजीनामा लिहिला असता."

"मग?"

"मग काय, पुन्हा हंगामी राष्ट्रपती, पुन्हा सहा महिन्यांत निवडणूक, आणि आम्ही पुन्हा बिलाच्या पाठीवर आकडे मांडतोय."