लाल पट्ट्यापलीकडचा भाऊ

गाडीच्या इंजिनाची आरपीएम मर्यादा वाढवून आणलेला तरुण गोंदियाजवळच्या नागऱ्यात दिसण्याआधी ऐकू येतो. गाडी बहुधा सेकंडहँड स्विफ्ट, 1.2 लिटर पेट्रोल. नंबर एमएच 35चा, हप्ते वडिलांचे. महाशिवरात्रीच्या जत्रेला जुन्या शिवमंदिरापाशी गर्दी दाटली, की हा गाडी न्यूट्रलला टाकून रेस देतो. काटा लाल पट्ट्यात शिरतो आणि नंदी सोडून सगळे वळून पाहतात.

कंपनी खरी ताकद दाबून ठेवते, ही त्याची श्रद्धा. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हा कंपनीने गाडीत बसवलेला हेर. मग लॅपटॉपवाला कुणीतरी गाठायचा आणि 6500च्या जागी 7000 घालून घ्यायचे. पैसे मोजल्यावर गाडी हलकी वाटू लागते. खिसा हलका झालेला असतोच.

प्रत्यक्षात स्विफ्टच्या या जुन्या के-सिरीज इंजिनाची ताकद 6000 आरपीएमला शिखर गाठते. त्यापुढे इंजिनाला पुरेशी हवाच ओढता येत नाही. आवाज चढतो, ताकद उतरते. थोडी मोकळीक कामाची असते हे खरे. गिअर जरा उशिरा टाकला, तर पुढच्या गिअरमध्ये काटा फार खाली पडत नाही. पण तेवढी मोकळीक कंपनीनेच ठेवलेली असते.

जोखीम मात्र आकड्यांपेक्षा वेगाने वाढते. 6500चे 7000 म्हणजे फेऱ्यांत जेमतेम 8 टक्के वाढ. कनेक्टिंग रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 16 टक्के. 7000ला प्रत्येक पिस्टन सेकंदाला सव्वादोनशेहून अधिक वेळा थांबून उलट फिरतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना ही घाई झेपली नाही, की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत, आणि एखाद्याची पिस्टनशी गाठ पडली तर गाडी टो करून गोंदियाला न्यावी लागते. आणखी एक गोष्ट त्याच्या गावीही नसते. लिमिटर पेट्रोल तोडतो, चाके थांबवत नाही. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला, की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि तिथे 6500चा लिमिटरही काही करू शकत नाही.

मर्यादा वाढवणे परवडते ते इंजिन वरच्या फेऱ्यांत श्वास घेऊ शकत असेल तेव्हा. त्यासाठी कॅमशाफ्ट, स्प्रिंगा, इनटेक, रॉड सगळेच त्या तोलाचे लागते. 1999मध्ये आलेल्या होंडा एस2000चे दोन लिटरचे इंजिन 9000पर्यंत जाई, कारण त्याची ताकदच 8300च्या आसपास शिखरावर पोचे. तिथे शेवटचा आकडा हिशेबाअंती आलेला होता. भाऊ हिशेब वगळून थेट उत्तराला हात घालतात.

शिवाय रस्ता. गोंदिया-बालाघाट रस्त्यावर धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर पुढे असला, की 7000ची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये 2000वर गुरगुरत मागे चालते. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिनही साधारण तेवढ्याच फेऱ्यांवर असते, फक्त ते ट्रॉली ओढत असते. तो ट्रॅक्टर कधीकधी वडिलांचाच निघतो. मग हॉर्न वाजवता येत नाही.

गॅरेजमधला म्हातारा मिस्त्री या सगळ्यावर एकदाच बोलतो.

"काका, कंपनी लिमिट काऊन लावते?"

"तुमच्यासारख्या पोट्ट्यायसाठीच लावते, बाबू." आणि तो ऑइलची कांडी पुसून दाखवतो. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. 7000ची तयारी झालेली असते, ऑइल बदलायचे राहिलेले असते.

हा प्रकार साधारण लग्न ठरेपर्यंत टिकतो. सासरच्या मंडळींना गाडीत बसवून आणायचे ठरते, तेव्हा जुनी सेटिंग परत टाकून घेण्यासाठी तोच लॅपटॉपवाला पुन्हा पैसे घेतो. पुढे गाडी विकायला निघते. गिऱ्हाईक बॉनेट उघडून कान लावते, तेव्हा भाऊ शपथेवर सांगतात, "सिंगल हँड, फॅमिली गाडी. तीन हजाराच्या वर काटा कधी गेलाच नाही."