आफ्रिकासर

आफ्रिकासर नायजेरियाला कधी गेलेले नाहीत. तसे ते गंजाडलाही गेलेले नाहीत; पण पहिल्याची त्यांना खंत आहे, दुसऱ्याची नाही. गंजाड म्हणजे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं गाव, डहाणू स्टेशनापासून रिक्षानं जाता येईल इतकं जवळ. सरांकडे वारली छापाचं जाकीट मात्र आहे. सुरतेला छापलेलं. चर्चासत्राला जाताना ते घालतात.

इंग्रजीचे प्राध्यापक, डहाणू-तलासरी पट्ट्यातली नोकरी, पीएच.डी. चालू. असा एखादा इसम दर तालुक्याला सापडतोच. शासन नेमतं की आपोआप उगवतो, कळत नाही. बाकीचे शेक्सपिअर नाहीतर दलित आत्मकथनं घेतात. आमच्या सरांनी घेतली नेडी ओकोराफर. अमेरिकेत 1974 साली जन्मलेली, नायजेरियन इग्बो आईबापांची मुलगी. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिते, पण मातीवर पाय ठेवून. तिच्या ‘बिंटी’ला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळाले, हे सर स्वतःच्या मुलाची टक्केवारी सांगावी तसं सांगतात. प्रबंधाचा पहिला वाचक अर्थात गाईड. त्यांना नारळीकरांच्या पुढची विज्ञानकथा ठाऊक नाही, त्यामुळे ते फक्त समासाची रुंदी तपासतात.

सरांना कुणी ‘आफ्रोफ्युचरिझम’ म्हटलेलं खपत नाही. बाईंनी 2019 मध्ये स्पष्टच लिहिलंय की आपला मार्ग वेगळा, तो आफ्रिकनफ्युचरिझम. फरक समजावताना त्यांनी ‘ब्लॅक पँथर’मधल्या वकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा दाखला दिला. सिनेमात वकांडा आपलं पहिलं ठाणं उघडतो अमेरिकेत, ओकलंडला. बाईंचं म्हणणं, आफ्रिकनफ्युचरिझममध्ये ते शेजारच्याच एखाद्या आफ्रिकी देशात उघडलं असतं. तलासरी नाक्यावर चहा पिता पिता सरांनी हे एकदा पोटतिडकीनं सांगितलं. शेजारी कंपनीच्या गाडीची वाट बघणारा पोरगा उभा होता. तो म्हणाला, “म्हणजे वकांडावाल्यांनापण आपल्यासारखं रोज शेजारच्या गुजरातेत, उंबरगावच्या जीआयडीसीतच जायला लागतं म्हणा!” सरांनी वहीत लिहिलं : ‘परिघावरील श्रमाचा विमर्श’. गाडी आली, परीघ कामावर निघून गेला.

‘बिंटी’ वर्गात शिकवायला घेतली तेव्हा जास्त गंमत. नामिबियातल्या हिंबा समाजाची गणितात हुशार मुलगी, अंगाला आणि केसांना तांबडी माती लावणारी, घरच्यांना न सांगता दुसऱ्या ग्रहावरच्या विद्यापीठात निघते. वाटेत परके लोक तिचे केस हात लावून बघतात. सरांनी या तांबड्या मातीवर 40 पानं लिहिली आहेत : माती हे प्रतीक, माती ही अस्मिता, माती हे तंत्रज्ञान. ती पानं वाचून दाखवत असताना खिडकीबाहेर एका कुडाच्या घराची भिंत लग्नासाठी गेरूनं सारवली जात होती. सरांनी खिडकी लावून घेतली. धूळ येत होती. मागच्या बाकावरच्या, लहानपणीच पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेत गेलेल्या मुलीनं हात वर केला : “सर, सुट्टी संपवून होस्टेलवर गेलं की असंच बघतात.” सर म्हणाले, “छान. पण मुद्द्याला धरून बोल.”

बाईंची ‘लगून’ ही कादंबरी सरांची खास लाडकी. लेगॉसच्या समुद्रात परग्रहवासी उतरतात, किनाऱ्यावर प्रचंड आवाज होतो, शहर हादरतं. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलायला लागली, लोक थंडीत घराबाहेर झोपायला लागले, तेव्हा अख्ख्या तालुक्यात आनंदी माणूस एकच. धक्का बसला की पोरं शिस्तीत मैदानावर जात; सर बोट वर करून वर्गातच उभे : “हाच तो ध्वनी!” शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं.

त्याच कादंबरीच्या सुरुवातीला तलवारीसारख्या तोंडाची एक मासळी समुद्रातली तेलाची पाइपलाइन भोसकते. डहाणूच्या बंदरावर सरांनी ही गोष्ट सांगितली. वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये होऊन गेलं होतं आणि मांगेले मच्छीमार आधीच तापलेले. जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्यानं हातातलं काम थांबवून शेवटपर्यंत ऐकलं. इतकं लक्ष देऊन सरांना परिसंवादात कोणी ऐकलेलं नाही. मग त्यानं विचारलं, “मास्तर, तेल सांडलं त्याची भरपाई कोणाला भेटली?” सरांनी सांगितलं, कादंबरीचा तो प्रश्न नाही. म्हातारा पुन्हा जाळ्याकडे वळला. माझं मत विचाराल तर प्रबंधाच्या पाचही प्रकरणांत एवढा नेमका प्रश्न नाही.

आता सर अडले आहेत ते मौखिक परंपरेच्या प्रकरणात. ‘लगून’मध्ये शहराच्या पोटात बसलेला एक अजस्र कोळी गोष्टी विणत असतो, त्याला जोड म्हणून काहीतरी स्थानिक हवं, असं गाईडनी चक्क समासाबाहेर जाऊन सुचवलं. तेव्हा मागच्या बाकावरची तीच मुलगी म्हणाली, “माझी आजी धवलेरी आहे, लग्नं लावते. चौकात पालघट देवी लिहितात ना, तेव्हा सगळी कथा गाते.” सरांनी पेन उघडलं. “संदर्भ? पृष्ठ क्रमांक?” आजीला पृष्ठ क्रमांक नव्हता. विद्यापीठाच्या नियमात ‘आजी’ कुठल्या शैलीत उद्धृत करायची हेही नव्हतं.

शेवटी एका रविवारी सर रेकॉर्डर, संमतीपत्र आणि जाकिटासह उधव्याच्या पुढच्या पाड्यावर गेले. आजीनं पाणी दिलं, बसायला खाट दिली, जाकिटावरचे तारपा वाजवणारे नीट मोजले आणि विचारलं, “लगीन कोणाचं?”

सर म्हणाले, लग्न नाही, संशोधन आहे.

“मग कशाला गाऊ?”

सरांनी बरंच समजावलं. आजी तांदूळ निवडत राहिली. सरांचा मुलगा अजून दहावीत आहे, त्यामुळे त्याही बाजूनं सोय नाही. प्रबंध सादर करायची मुदत मार्चअखेर. विद्यापीठाकडे त्यांनी मुदतवाढीचा अर्ज केलाय आणि कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलंय : ‘लग्नसराईची प्रतीक्षा’. त्यावर कार्यालयानं एकच शेरा मारून अर्ज परत पाठवला : ‘पत्रिका जोडावी.’