अग्रेषणविद्या : नवशिक्यांसाठी काही सूचना

ज्या विद्येचा अभ्यास आज महाराष्ट्रात घरोघरी, विशेषतः निवृत्तिवेतनाची नीट व्यवस्था लागलेल्या वडीलधाऱ्या मंडळींत, सूर्योदयापूर्वी आणि बहुधा दंतधावनाच्याही आधी सुरू होतो, त्या अग्रेषणविद्येवर, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पुढे रवाना करण्याच्या शास्त्रावर, अद्याप एकही प्रमाणग्रंथ निघू नये, ही आपल्या वाङ्मयातील मोठीच उणीव होय. ती अंशतः तरी भरून निघावी, एवढ्याच हेतूने पुढील सूचना देत आहोत.

मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी तो वाचावा लागतो, असा एक समज नवशिक्यांत आढळतो. तो प्रथम सोडावा. जुन्या दफ्तरांत कागद वर जाण्यापूर्वी त्याची मुळाशी रुजुवात होत असे, त्यावर शेरा पडे आणि शेऱ्याखाली कोणाची तरी सही असे. त्यामुळे पुढेमागे चौकशी निघाली म्हणजे तो सहीवाला इसम सापडे आणि निदान त्याची वेतनवाढ तरी रोखली जाई. आपल्या विद्येत ही दगदग नाही. मजकुराच्या शेवटी ‘जसा आला तसा पाठवीत आहे’ एवढे नमूद केले की पाठविणारा त्या मजकुराचा लेखक राहत नाही, वाचक राहत नाही आणि साक्षीदारही राहत नाही.

मात्र निनावी मजकुरास वजन नसते, सबब त्यास योग्य कुळ प्राप्त करून द्यावे. विनोद असल्यास खाली पु. ल. देशपांडे, नात्यांविषयी हळवे काही असल्यास व. पु. काळे, करड्या आवाजात वाचण्याजोगे असल्यास नाना पाटेकर आणि विद्यार्थ्यांना उपदेश असल्यास अब्दुल कलाम, ही वाटणी आता सर्वमान्य झाली आहे. यात एकच पथ्य पाळावे. २०२० साली, टाळेबंदीनंतरच्या अर्थव्यवस्थेविषयी आपल्या नावे फिरणारा मजकूर आपण बोललोही नाही आणि लिहिलाही नाही, असे रतन टाटा यांनी जाहीरपणे सांगितले होते. यास्तव होता होईल तो दिवंगत लेखकच निवडावा, कारण तो खुलासा काढीत नाही. संस्थांच्या बाबतीत एवढी चिंता नको. ‘जन गण मन’ हे जगातील सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत असल्याचा निर्वाळा युनेस्कोने दिलेला नाही, पण त्यावाचून आजवर कोणाचे अडलेले नाही. आणि २०१६ साली दोन हजारांच्या नोटेत बसविलेली, उपग्रहाशी बोलणारी चिप रिझर्व्ह बँकेने नाकारूनही, २०२३ साली नोट परत घेतली जाईपर्यंत पुष्कळांच्या पाकिटात सुखाने नांदत होती.

आता संख्येविषयी. पूर्वी एकच मजकूर एका दमात कितीतरी ठिकाणी धाडता येई. जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतापुरती ही सवलत पाचांवर आणली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याच्या फिरत्या संदेशांवर विसंबलेल्या जमावाने, भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले होते. आणि देशात अन्यत्रही तसेच प्रकार घडून गेले होते. ते संदेश ज्यांनी ज्यांनी पुढे पाठविले, त्यांतील बहुतेकांनी ते केवळ काळजीपोटीच पाठविले असतील, असे मानण्यास आमची हरकत नाही. हा विषय गटात काढू नये. मंडळी एकाएकी गप्प होतात, आणि नंतर येणारे सुप्रभातीचे फूल त्याखाली शोभत नाही.

एप्रिल २०२० पासून, वारंवार फिरल्यामुळे ज्याच्या माथी दुहेरी बाण उमटला आहे असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा वेळी मजकुराची नक्कल घेऊन ती नव्याने चिकटवावी. म्हणजे बाण गळून पडतो आणि शेकडो उंबरठे ओलांडून आलेला मजकूर नवजात दिसू लागतो.

गटाच्या नियमावलीत ‘राजकारण वर्ज्य’ असे कलम बहुधा असते. त्याने बिचकू नये. आवडत्या पुढाऱ्याची स्तुती राष्ट्रहितात अथवा समाजप्रबोधनात मोडते, नावडत्याची निंदा ‘केवळ माहितीसाठी’ या सदराखाली दाखल होते आणि हरकत घेणारा तेवढा राजकारण करीत असतो, हा दस्तूर सर्व पक्षांचे अनुयायी एकमताने पाळतात. त्यांचे असे एकमत दुसऱ्या कोणत्याही बाबतीत आमच्या पाहण्यात नाही. एखादा भाचा बंगळूरहून पुरावा मागू लागलाच, तर मोठ्यांशी बोलण्याची रीत या विषयाकडे वळावे. तेवढ्यात कोणाचा तरी वाढदिवस निघतो.

कायद्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, केवळ गटाचा चालक आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले. त्याच वर्षीच्या नियमांन्वये सरकारला संदेशाचा प्रथम प्रवर्तक हवा आहे, आणि त्यायोगे संदेशांची गुप्तता मोडेल म्हणून कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. सारांश, दोन्ही बलाढ्य पक्षांची तक्रार पहिल्या माणसापुरती आहे आणि आपण तर दोन लाखावे. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र २०१८ साली, फेसबुकवरील मजकुराच्या एका प्रकरणात, संदेश पुढे पाठविणे म्हणजे तो मान्य करून त्यास दुजोरा देणेच होय, असे मत नोंदविले आहे. हे मत आपल्या विद्येच्या मुळावर येणारे असल्याने ते पुढे पाठवू नये.

राहता राहिला श्रद्धांजलीचा प्रकार, जो सर्वांत नाजूक. गटात पहिली श्रद्धांजली आपली असावी, या चुरशीपायी खातरजमेस अवसर मिळत नाही, आणि मग एखादा ज्येष्ठ नट सायंकाळी स्वतःच आपण हयात असल्याचे निवेदन करतो. पाठविलेला संदेश सर्वांच्या पडद्यावरून पुसण्याची मुभा सुमारे अडीच दिवस असते, परंतु तिचा उपयोग करू नये. मागे खूण उरते, आणि काय पुसले ते विचारण्यास तीच माणसे पुढे सरसावतात, ज्यांनी सकाळी हात जोडलेली चित्रे टाकली होती. त्यापेक्षा तासाभराचा धीर धरावा. सदर नटाची प्रकृती ठणठणीत असल्याचा मजकूर कोठून ना कोठून येतोच. तो त्याच पाच ठिकाणी पाठवावा, आणि अफवा पसरविणाऱ्यांचा कडक शब्दांत निषेध करावा.