कॉन्व्हेंट नव्हे हो, मराठी शाळा!

"मालतीताई, जरा कठड्याशी या. तिसऱ्या मजल्यावरची नवी भाडेकरीण ख्रिस्ती आहे म्हणे."

"कळलं मला, दूधवाला बोलला. वसईची ना?"

"हो, तिथल्या नंदाखालची. मिशनच्या शाळेतली. म्हटलं, कॉन्व्हेंटची पोरगी, नातवाचं इंग्रजी बघेल! तर म्हणते, 'काकू, आमचं संत जोसेफ मराठी हायस्कूल.'"

"मग बरोबरच आहे. फादर दिब्रिटो तिथलेच विद्यार्थी. 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते."

"तेव्हा केवढा गदारोळ केला लोकांनी! फादर आणि संमेलनाध्यक्ष?"

"का नको? त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. आणि वहिनी, फादरांच्या लहानपणी तिथल्या पोरांची कसरत बघा. घरी सामवेदी बोली, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, लॅटिनमधून, आणि वर्गात आपली पुस्तकातली मराठी! साठच्या दशकात व्हॅटिकन परिषद झाली, तेव्हा कुठे मिस्सा मराठीत आली. म्हणजे देवाच्या आधी मास्तर मराठी बोलायला लागले."

"मग आपल्या पुण्याच्या कॅम्पातल्या सेंट व्हिन्सेंट शाळेत इंग्रजी कसं?"

"ती 1867 ची, जेझुइटांची. कॅम्प म्हणजे लष्कराची वस्ती. तिथं इंग्रजीच चालायचं. नंदाखालला केळी आणि भाजी पिकवणाऱ्यांची मुलं, त्यांना इंग्रजीतून कोण काय शिकवणार?"

"आपले रेव्हरंड टिळकही या कॅथलिकांतलेच ना?"

"छे! ते प्रोटेस्टंट, अमेरिकन मिशनचे. सगळ्यांना एका माळेत ओवू नका."

"बाई बाई, केसरीवाड्याजवळ राहून काय हे मिशन-मिशन चाललंय आपलं! 1890 ला पंचहौद मिशनमध्ये चहा दिला, तर लोकमान्य आणि रानड्यांवर ग्रामण्याचा बहिष्कार आला होता."

"तेही मिशन कॅथलिक नव्हतं, अँग्लिकन होतं. चहा मात्र सगळीकडे सारखाच! मी तर तिला उद्या चार वाजता बोलावलंय, तुम्हीही या."

"येते. नातवाच्या शिकवणीचंही विचारते."

"इंग्रजीचं विचारू नका हं. तुमचा नातू इंग्रजी माध्यमाचा, परवा मला 'एकोणसत्तर म्हणजे किती?' विचारत होता. त्याला तिच्याकडे मराठीलाच पाठवा."