आमचा व्यायाम स्टेशनवर होतो

डोंबिवलीकराला ‘व्यायाम करता का?’ असं विचारणं म्हणजे कोळ्याला ‘पोहता येतं का?’ असं विचारणं. उत्तर ठरलेलं : ‘आमचा रोज स्टेशनवरच होतो की!’ रिक्षाच्या रांगेत एका पायावर तप, मग पूल, ऐन वेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली की उलट दौड, आणि पुढे ठाण्यापर्यंत वरच्या कडीला लटकलेला देह. या आसनांना नावं तेवढी द्यायची राहिली आहेत.

दावा अगदीच हवेतला नाही. लंडनच्या दुमजली बसमध्ये त्याला पुरावा सापडतो. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करत तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता. (मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले, म्हणजे माणूस बोलण्यापुरता नव्हता.) तेव्हा पूल चढणाऱ्यांनी छाती फुगवायला हरकत नाही. मात्र हल्ली सरकत्या जिन्यासमोर जी झुंबड उडते, तिच्यात जिमचे बूट सॅकमध्ये घेतलेली तरुण मंडळीही असतात, हे नोंदवून ठेवतो.

पण एक फरक आहे. त्या कंडक्टरला गाडी चुकायची भीती नव्हती. तो गाडीतच होता. आपण धावतो ते धास्तीनं. पाय पळत असतात आणि जीव इंडिकेटरवर टांगलेला असतो. अशा पळण्यानं मन हलकं कसं होणार?

त्यासाठी ठाण्याची तलावपाळी बघावी. कोपिनेश्वराच्या देवळापासून निघायचं आणि मासुंदा तलावाला वळसा घालून पुन्हा कोपिनेश्वरापाशीच यायचं. कुठेही पोहोचायचं नाही! पहिल्या फेरीत सोसायटीच्या सेक्रेटरीचा उद्धार होतो, दुसरीत गुडघ्यांचा, तिसरीत माणूस आपोआप गप्प होतो. त्या दिवशी झोप बरी लागते. मामलेदारची मिसळ नंतर सगळा हिशेब बिघडवते, पण ते असो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये इतका. ठाणे-डोंबिवलीत गाणं थांबवणं एक वेळ जमेल. बोलण्याची मात्र काळजीच नको.

डोंबिवलीत भागशाळा मैदान आहे, कल्याणला काळा तलाव आहे. जा, फिरा. फक्त पावलं मोजणारं घड्याळ घरी ठेवा. दहा हजार पावलांचा तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला. तुमच्या हृदयानं तो कधी मागितलेला नाही.