हिरव्या ठिपक्याचे प्रामाण्य

आवृत्ती-नियंत्रण म्हणजे प्रकल्पातील फायलींत कोणी, केव्हा आणि कोणता बदल केला याची क्रमवार नोंद ठेवण्याची व्यवस्था, आणि त्या नोंदीवरून काम करण्यासाठी स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतलेली प्रत म्हणजे चेकआउट. बिटकीपर या प्रणालीची विनामूल्य सवलत लिनक्सच्या विकासकांकडून काढून घेतली गेल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले; पुढे त्यामुळे सबंध इतिहासासह प्रत उतरवणे इतके सुलभ झाले की अशा किती प्रती संगणकावर पडल्या आहेत, हे खुद्द मालकाला सांगता येईनासे झाले. या विस्मृतीवर उपाय म्हणून सर्व प्रतींची हालहवाल ब्राउझरमध्ये एकत्र दाखवणारे स्थितिदर्शक पान जन्माला येते. बदल कमिट करण्यास, म्हणजे नोंदीत कायम करण्यास, जेथे दोन मिनिटे पुरली असती, तेथे कमिट राहिल्याचे सांगणारे पान बांधण्यात शनिवार-रविवार घालवणे, ही या व्यवसायातील सर्वमान्य काटकसर आहे.

अशा पानाच्या पहिल्या रूपात प्रत्येक प्रतीपुढे एक ठिपका असतो: काही राहिले असेल तर लाल, नसेल तर हिरवा. परंतु गिटच्या नोंदीत नसलेली एखादी किरकोळ टिपणांची फाइलही ठिपका लाल करण्यास पुरेशी असल्याने थोड्याच काळात सगळे पान लाल होते, आणि जे सर्वत्र लाल आहे त्याकडे डोळा फिरकत नाही. हिरव्याचा दोष याहून गंभीर आहे. शाखा, म्हणजे बदलांची एक स्वतंत्र मालिका, सर्व्हरशी जुळलेली आहे असे गिट सांगते, तेव्हा त्याने सर्व्हरला काहीही विचारलेले नसते. मागच्या फेचच्या वेळी, म्हणजे सर्व्हरवरील नवे बदल आणले तेव्हा, जे दिसले त्याच्या आठवणीशी ते तुलना करते. न्यायदर्शनाने स्मृतीला यथार्थ ज्ञानाच्या पंक्तीत बसवले नाही. स्थितिदर्शक पान मात्र तिला हिरवा रंग देऊन मोकळे होते. म्हणून ‘अद्ययावत’ या शब्दाशेजारी शेवटच्या फेचची तारीख छापणे, ही या पानात करता येण्याजोगी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अप्रिय सुधारणा ठरते, कारण तारीख बहुधा मागच्या ऋतूतली निघते.

पान वेब सर्व्हरच्या खात्यावरून चालवल्यास आणखी एक अडचण येते. २०२२ पासून गिट, सुरक्षेच्या कारणास्तव, दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या प्रतीत काम करण्यास नकार देते, आणि पान कोरे राहते. त्यावर विकासक सगळ्याच प्रती सुरक्षित असल्याचे एका तारकाचिन्हाने जाहीर करतो, त्यामुळे पान भरते आणि सुरक्षा रिकामी होते. याहून रंजक प्रकार कुलुपाचा आहे. स्थिती विचारणारी आज्ञा वरवर निव्वळ वाचक भासली, तरी ती इंडेक्स, म्हणजे पुढील कमिटची मांडणी ठेवणारी फाइल, ताजी करण्यासाठी क्षणभर कुलूप लावते. पान दर काही सेकंदांनी ही चौकशी करत असेल, तर नेमक्या त्या क्षणी केलेले कमिट नाकारले जाऊ शकते, आणि कमिटची आठवण करून देण्यासाठी बांधलेले पानच कमिटच्या आड येते. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या अशा चौकशांसाठी ‘नो ऑप्शनल लॉक्स’ हा पर्याय गिटच्या २.१५ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, तो वापरावा.

राहता राहिला स्टॅश. अर्धवट बदल कमिट न करता बाजूला ठेवण्याची ही सोय घरातल्या माळ्यासारखी आहे: वस्तू वर टाकताना ती लवकरच काढायची असते. शाखांच्या हालचालींची स्थानिक नोंद गिट सामान्यतः ९० दिवसांनंतर झाडून टाकते, पण स्टॅशला अशी मुदत नाही. तो मालकाच्या सद्सद्विवेकावर सोडलेला असतो, जो याबाबतीत फारसा कार्यरत नसतो. तरीही बहुतेक पाने स्टॅश दाखवतच नाहीत, कारण स्थितीची आज्ञा मुद्दाम सांगितल्याशिवाय त्याचा उल्लेख करत नाही.

सुधारणा करणाऱ्याने ठिपक्यांच्या छटा वाढवण्याआधी, या संगणकाबाहेर कोठेच नसलेले काम सर्वांत वर आणावे: पुश न केलेली, म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेली, कमिटे आणि स्टॅशची संख्या. नेहमीच्या पुशने स्टॅश सर्व्हरवर जात नाही आणि दुसऱ्या संगणकावर घेतलेल्या क्लोनमध्येही, म्हणजे नव्याने उतरवलेल्या प्रतीतही, तो येत नाही.