किती मार्कांनी हुकलं?

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, १३ एप्रिल २०२५

ती. आईस,


परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "पोरगी जेवते ना नीट?" मी तीनदा "हो" म्हणाले, तरी तुझा विश्वास बसला नाही, म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहिलं की तू वाचत नाहीस, नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवतेस. जोशी मंडळी शुक्रवारी निघताहेत, त्यांच्या बॅगेत तुझा स्टीलचा डबा परत येतोय आणि डब्यात हे पत्र. डबा रिकामा पाठवू नये हे मला कळतं, पण इथून सांगलीला पाठवायचं काय? बदाम पाठवले की दादा म्हणतो, गणपती पेठेत स्वस्त मिळतात.

कपडे मशीनमध्ये टाकलेत. चाळीस मिनिटं हातात आहेत.

पार्सल व्यवस्थित पोचलं. वहिनीच्या कुरडयांतल्या तीनच मोडल्या, त्या मी उभ्या उभ्या कच्च्याच खाल्ल्या. मेतकूट ओमने पिवळा सूप मसाला समजून नूडल्सवर घातलं आणि आता त्याशिवाय खात नाही. अंगारा इराने मुकाट्याने लावून घेतला, यावरून तिची मनःस्थिती ओळख.

आता कुलकर्णी काकूंचं. "तुमची नात अमेरिकेत नापास झाली म्हणे" असं त्या तुला देवळात म्हणाल्या, ते कुठून आलं ते मला ठाऊक आहे. वहिनी, रागावू नकोस, पण तू गच्चीवर "नाही मिळालं" एवढंच बोललीस आणि कुरडया वाळेपर्यंत त्याचं "नापास" झालं. काकूंना सांग, इरा शाळेत पहिल्या काही मुलांत आहे. चौदा कॉलेजांत अर्ज केले होते. चौघांनी हो म्हटलं, सातांनी नाही, आणि तिघांनी वेटिंगवर ठेवलंय.

यावर तुझा एकच प्रश्न: किती मार्कांनी हुकलं?

आई, हा प्रश्न तू दोन आठवडे विचारतेयस आणि मी दोन आठवडे टाळतेय, कारण उत्तरच नाही. १९९३ साली माझं इंजिनिअरिंग हुकलं तेव्हा बाबा यादी बघून सायकलवरून आले, चपला काढायच्या आधी म्हणाले, "दोन मार्कांनी." मग महिनाभर आपण सगळे ते दोन मार्क शोधत होतो. बाबांच्या मते ते केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला गेले. तुझ्या मते मी परीक्षेच्या आदल्या रात्री गॅदरिंगची कॅसेट ऐकत बसले त्यात गेले. दादाच्या मते मुळात अक्कलच दोन मार्कांनी कमी होती. पण दोन मार्क होते! त्यांच्यावर रागावता येत होतं. इथे रागवायला काहीच दिलेलं नाही. पत्र येतं त्यात एवढंच, की यंदा अर्ज फार छान होते, तुमचाही छान होता, तुम्हाला शुभेच्छा.

तुझ्या जावयाला, विनयला, हे झेपत नाही. तो रोज रात्री आकडे काढतो. हार्वर्डला आपण अर्जच केला नव्हता, पण आकडे त्याला तिथलेच पाठ: गेल्या वर्षी ५४,००८ अर्ज, घेतले १,९३७. अठ्ठावीस मुलांमागे एक. तुला वाटेल उरलेली सत्तावीस ढ असतील. तर हार्वर्डवर खटला झाला होता, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०२३ साली निकाल लागला. प्रवेशात वंश बघायचा नाही, असं ठरलं. त्या खटल्यात आतले आकडे बाहेर आले. एका वर्षी देशातल्या देशातच सुमारे २६,००० अर्ज. त्यांत गणितात पैकीच्या पैकी वाले ३,४००, शाळेत सगळीकडे पैकीच्या पैकी वाले ८,००० च्या वर. आणि बाक सोळाशेच्या आसपास! म्हणजे पैकीच्या पैकी वाल्यांनीच पाच वर्ग भरले असते. मग मार्क बाजूला ठेवून "सगळा माणूस" बघतात म्हणे. आपल्याकडे मुलगी बघायला येत तेव्हाही सगळा माणूसच बघत, आणि नकार आला की "पत्रिका जुळली नाही" म्हणत. तसंच.

खरं कारण काहीही असू शकतं. त्यांच्या वाद्यवृंदातला ओबोवाला (सनईचा गोरा चुलतभाऊ समज) यंदा पदवी घेऊन गेला असेल, तर ओबोवाला हवा. नाव वल्हवणारा हवा. ज्या राज्यातून कोणी येत नाही तिथला एखादा हवा. काही ठिकाणी बाप तिथेच शिकलेला असला तर बरं असतं. न्यू जर्सीतली, गणित-विज्ञानात हुशार, देशी आडनावाची मुलगी मात्र त्यांच्याकडे आपल्याकडच्या हळदीइतकी आहे. आमची ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. अर्जात अशा उद्योगांना दहा रकाने असतात, एकेकाला दीडशे अक्षरं. ताशा म्हणजे काय हे दीडशे अक्षरांत लिहिताना पोरीला घाम फुटला. शेवटी "खांद्याला अडकवलेली अत्यंत मोठी बडबड" असं काहीसं लिहिलंन.

किमतीचं ऐक आणि दादाला ऐकवू नकोस. एकेका अर्जाला ऐंशी डॉलरच्या आसपास फी. नाही म्हणून घेण्याची फी! चौदा अर्ज, शिवाय परीक्षेचे मार्क पाठवायचे वेगळे, घरची आर्थिक कुंडली पाठवायची वेगळी. सगळं मिळून लाखभर रुपये, आणि हातात सात शुभेच्छापत्रं. मी विनयला म्हटलं, दाराशी येणाऱ्या ज्योतिषालाही आपण इतके दिले नसते, आणि तो निदान "योग प्रबळ आहे" तरी म्हणाला असता. प्रवेश मिळाला तरी मोठ्या खाजगी ठिकाणी राहणं-जेवण धरून वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर. रुपयांत पाऊण कोटीच्या पुढे. वर्षाला, आई! त्यात बाबांनी बांधलेलं घर, वरचा मजला आणि दादाची नवी इलेक्ट्रिक स्कूटर बसवून वर पेढे वाटता येतील.

(स्कूटर छान आहे, फोटो बघितला. पण दादा, हेल्मेट हँडलला अडकवायचं नसतं.)

मशीन झालं. कपडे ड्रायरमध्ये टाकून आले. तुझ्या गच्चीवरच्या दोरीची फार आठवण येते. आमच्या वसाहतीत बाहेर कपडे वाळत घालायची बंदी आहे, घरांची शोभा जाते म्हणे. बाहेर लख्ख ऊन पडलंय आणि मी वीज जाळून परकर वाळवतेय.

आता एक कबुली. अर्जाबरोबर साडेसहाशे शब्दांचा निबंध लागतो, स्वतःबद्दल. "माझी आई", "पावसाळ्यातील एक दिवस" असलं चालत नाही. इराने तो तुझ्यावर लिहिला. मागच्या उन्हाळ्यात सांगलीला लाइट गेले होते, तुम्ही तिघं मेणबत्तीत पाच-तीन-दोन खेळत होता, आणि तू हुकमाचा एक्का पदराखाली ठेवलास, आठवतं? तर तू पत्त्यांत चोऱ्या करतेस हे आता अमेरिकेतल्या चौदा विद्यापीठांना माहीत आहे. पैकी चौघांना ते आवडलं. उरलेल्यांना बहुतेक तुझ्या नातीनेही तुझ्यासारखं केलं तर, अशी धास्ती वाटली.

निकालाचं तुला फोनवर नीट सांगता आलं नाही. २७ मार्च, गुरुवार, संध्याकाळी सात. इथल्या आठ नामांकित कॉलेजांनी ठरवून एकाच दिवशी, एकाच मिनिटाला निकाल लावायचे असतात. (एमआयटीचा १४ मार्चलाच लागतो, पायचा दिवस म्हणून, आणि तोही ६ वाजून २८ मिनिटांनी, म्हणजे पायची दुप्पट. आई, ही कोथरूडची एमआयटी नव्हे. इराच्या मैत्रिणीने अर्ज केला होता.) इरा लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी. ती म्हणाली, कोणी माझ्याकडे बघू नका. म्हणून मी गॅसकडे बघत कुरडया तळायला घेतल्या. सातला एक मिनिट असताना तेल तापलं, धूर झाला आणि छतातला धुराचा भोंगा कोकलायला लागला. विनय खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालतोय, ओम खिडक्या उघडतोय, आणि तेवढ्यात तुझा फोन! तिकडे पहाटेचे साडेचार. तू आंघोळ करून देवापुढे बसली होतीस. या सगळ्या गोंधळात पोरीने एकटीने चार दारं उघडून बघितली, चारही बंद. भोंगा थांबला तेव्हा ती लॅपटॉप मिटून एवढंच म्हणाली, "कुरडई करपली का?" एक उचलली, मोडली, अर्धी ओमला दिली. मी तोंड फिरवून कढईतलं तेल उगाच गाळत बसले.

तीन दिवसांनी पाडवा होता. गुढी उभारली, आतल्या आत, बाल्कनीत चालत नाही.

वेटिंगचं तुला समजेल असं सांगते. महालक्ष्मीचं तिकीट वेटिंगवर असलं की बाबा रोज स्टेशनवर चक्कर मारायचे. चौतीस होतं, एकवीस झालं, नऊ झालं. इथे नंबरच सांगत नाहीत. यादीत आहात, एवढंच. पुढे चौघं आहेत की चारशे, कळायला मार्ग नाही. काही वर्षी तर त्या यादीतून एकालाही घेत नाहीत. गाडी निघून जाते, चार्ट लागतच नाही, आणि टीसीला भेटायची सोय नाही. उलट आपणच पत्र लिहायचं, की मला अजूनही आपल्याच गाडीने यायचंय. इराने दोघांना लिहिलं. तिसऱ्याला म्हणाली, राहू दे, आजी म्हणते सारखं सारखं दार वाजवू नये.

दादा, तुझा प्रश्न पोचला: "काही सेटिंग नाही का, मॅनेजमेंट कोटा वगैरे?" बाबा रे, २०१९ साली इथे तेच प्रकरण निघालं. रिक सिंगर नावाच्या गृहस्थाने आईबापांकडून पैसे घेऊन पोरांना खेळाडू म्हणून आत घुसवलं. कधी पाण्यात न उतरलेली पोरं फोटोत वॉटरपोलो खेळताना दाखवली. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, एका हॉलिवूडच्या नटीला चौदा दिवसांची. तुझी भाची ताशा खरोखर वाजवते, तेवढं पुरे.

आणि पार्थची सीईटी आली ना या आठवड्यात? त्याला माझे खूप आशीर्वाद. त्याच्यामागे लागू नकोस. तू परवा "नव्याण्णवच्या वर पर्सेंटाइल लागतं" म्हणालास, मी विचारलं म्हणजे किती मार्क, तर तुलाही सांगता येईना. ज्या दिवशी पेपर सोपा, त्या दिवशीचे मार्क स्वस्त, असं काहीतरी म्हणालास. म्हणजे तिकडेही आता बाबांचे दोन मार्क राहिले नाहीत.

आता मुख्य. बहुतेक इरा रटगर्सला जाईल. सरकारी, आमच्या राज्याचं, खर्च त्या पाऊण कोटीच्या निम्म्याहून कमी. १ मेपर्यंत कळवायचंय, महाराष्ट्र दिनाला. काकूंनी नाव ऐकलं नसेल, तर सांग, १७६६ साली सनद मिळालेलं आहे, थोरले माधवराव पेशवे गादीवर होते तेव्हा. तेवढ्याने त्या गप्प होतील.

काल आम्ही तिथे बघायला गेलो होतो. शेतकी विभागाची जुनी इमारत आहे, तिथल्या तळघरात १९४३ साली मातीतल्या जंतूंपासून स्ट्रेप्टोमायसिन काढलं. मी पाटी वाचता वाचता थांबले. आई, वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये आजोबांना रोज टोचायचे ते हेच ना? तू फाटकाबाहेर उभी राहून हात हलवायचीस, आत सोडत नसत, असं सांगायचीस. ते बरे होऊन टांग्यातून घरी आले, त्या औषधाची माती इथली. इराला सांगितलं तर ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मम्मा, हे माहीत असतं तर निबंध यावर लिहिला असता." मी म्हटलं, बरं झालं, आजीची चोरी तरी जगाला कळली.

घरापासून पंधरा मिनिटांवर. रविवारी जेवायला येणार. तरी मी काल गाडीत रडले. विनय म्हणाला, "पंधरा मिनिटांसाठी?" त्याला काय सांगू! मिरज स्टेशनवर तू खिडकीतून हातात डबा दिलास आणि "पोचल्यावर कळव" म्हणालीस. मी पोचले, कळवलं, आणि सव्वीस वर्षं झाली.

ड्रायर वाजतोय. परकर सुकले.

हे पत्र लिहिताना इरा मागून वाचत होती. तुझा प्रश्न तिला दाखवला: किती मार्कांनी हुकलं? म्हणाली, "आजीला सांग, एका हाताने. हुकमाचा एक्का त्यांच्या पदराखाली होता."

दादा-वहिनींना नमस्कार, पार्थला आशीर्वाद.

तुझी,
शुभा

ता. क. डबा रिकामा नाही. खाली बदाम आहेत. दादाला भाव विचारू देऊ नकोस.